चार मीटरच्या आतली सेडान

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि ‘फियाट ११००’ बाहेर पडू लागली. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिली गाडी आली ती हीच. पुढे इंजिन, मागे डिकी आणि मधे माणसं, हा सेडानचा साचा आपल्याकडे रुजला तो या फियाटमुळे. तिचं नाव पुढे पद्मिनी झालं, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले.

ही गाडी चालवायला शिकणं म्हणजे सगळ्या अंगाचं काम होतं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, डाव्या हाताशी. पुढची सीट एकसलग, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोन माणसं आणि मांडीवर एक मूल सहज मावत असे. पुढच्या दाराला छोटी त्रिकोणी काच होती. ती तिरकी केली की वारा थेट तोंडावर येई, आणि एसी नसलेल्या काळात तिच्याइतकं सुख दुसरं नव्हतं. थंडीत सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची आणि इंजिन तापलं की तो हळूहळू आत ढकलायचा. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. खंडाळ्याचा घाट चढताना गाडी तापली की कडेला थांबून, बॉनेट उघडून तिला निवू द्यायचं, हा प्रवासाचाच भाग होता.

ही गाडी परवडणं सोपं नव्हतं. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली, ती बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढून. त्यांच्या निधनानंतर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी फेडलं. आणि नुसते पैसे असूनही भागत नसे. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे, म्हणून नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. बनवलेली प्रत्येक गाडी विकली जाणारच असेल, तर ती सुधारायची घाई कोण करणार? पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर इतकी वर्षं जवळजवळ तशाच राहिल्या, त्याचं कारण इथे आहे. लोकांना नवं नको होतं, असं म्हणणं खोटं आहे. कॉन्टेसा आणि प्रीमियर ११८ एनई ऐंशीच्या दशकात आल्या, पण त्याही परदेशात जुन्या झालेल्या गाड्यांवरच बेतलेल्या होत्या.

१९९० साली मारुती १००० आली. दिसायला देखणी, पण एवढ्या अंगाला ९७० सीसीचं इंजिन अपुरं होतं. ती उणीव १९९४ च्या एस्टीमने भरून काढली. १९९३ मध्ये मोटारींवरचं परवान्याचं बंधन उठलं होतं, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत रस्ता बदलून गेला. दाएवूची सिएलो आली, हालोलहून ओपेल अ‍ॅस्ट्रा आली. महाराष्ट्राचा वाटाही मोठा होता. महिंद्रच्या नाशिकच्या कारखान्यात फोर्ड एस्कॉर्ट बनू लागली, कल्याणजवळ प्यूजो ३०९, पुण्यात मर्सिडीजची ई-क्लास. यातल्या बऱ्याच गाड्या फार टिकल्या नाहीत. टिकली ती १९९८ ची होंडा सिटी. हलकं स्टिअरिंग, आवाज न करता वर जाणारं इंजिन, आणि रोज सकाळी कटकट न करता सुरू होण्याचा भरवसा. माझ्या मते भारतीय मध्यमवर्गाला चांगली गाडी कशी असते हे पहिल्यांदा सिटीनेच दाखवलं. तिच्यापाठोपाठ अ‍ॅक्सेंट, आयकॉन, लान्सर आल्या. २००१ साली औरंगाबादच्या शेंद्र्याहून स्कोडा ऑक्टाव्हिया निघाली. जड, दणकट दारांची ही गाडी डिझेल इंजिनासह मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभराच्या वेगात अशी बसलेली असे, की मागच्या सीटवरच्या माणसाला झोप लागावी.

मग २००६ चा अर्थसंकल्प आला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. लहान गाडी स्वस्त व्हावी हा हेतू चांगलाच होता. पण सेडानवर त्याचा परिणाम काय झाला, ते स्विफ्ट डिझायरवर पाहा. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, डिकी ४४० लिटरची. २०१२ ची नवी डिझायर ३९९५ मिलिमीटरची झाली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. टाटांनी इंडिगोची शेपूट आधीच छाटून ‘सीएस’ केली होती. अमेझ, एक्सेंट, झेस्ट, सगळ्या त्याच मापात शिवलेल्या. डिझायर २०१८ साली देशात सर्वाधिक खपलेली गाडी ठरली, कारण ती कमी पेट्रोल पिते, टिकते आणि दुरुस्ती गावोगाव होते. टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. मात्र त्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसली, की विमानतळावरून येणाऱ्या कुटुंबाच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर जातात. ज्या डिकीसाठी सेडान घ्यायची, तीच उरली नाही.

त्यानंतर लोक उंच गाड्यांकडे वळले. खड्डे आणि गतिरोधक पाहता त्यांना दोष देता येत नाही. कोरोला आणि सिव्हिक गेल्या, सियाझही गेली. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. तरीही चाकणला आज बनणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हिया या पूर्ण लांबीच्या सेडान वळणावर ज्या स्थिरतेने जातात, ती त्याच किमतीच्या उंच गाडीत सापडणं अवघड आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के, त्यापलीकडे ४० टक्के. दोन्हीकडचा कर उतरला, पण दोहोंमधलं अंतर वाढलं. हायब्रिड होंडा सिटी लिटरला २६ किलोमीटरहून अधिक जाते असा कंपनीचा दावा आहे, म्हणजे कित्येक छोट्या गाड्यांपेक्षा जास्त. तरी ती लांब आहे आणि इंजिन दीड लिटरचं आहे म्हणून ४० टक्क्यांत मोडते. कर लावायचाच तर गाडी किती इंधन जाळते आणि किती धूर सोडते यावर लावा. लांबी मोजणारी ही पट्टी अर्थ मंत्रालयाने आता बाजूला ठेवावी.