डब्यातील तेल

एकत्र कुटुंबात आमटीचे एक भय नेहमीच असते. दोघी जावा चुलीपाशी असल्या म्हणजे मीठ एक तर दोनदा पडते, नाही तर मुळीच पडत नाही. अळणी आमटी निदान पानात वाढल्यावर तरी सुधारता येते. आमच्या हिवरखेडच्या घरी गेल्या श्रावणात पुरुषमंडळींकडून जो विसर पडला, तो मात्र असा सुधारण्याजोगा नव्हता.

सातपुड्याच्या पायथ्याच्या ह्या गावी पावसाने चार दिवस उघडीप दिली की कास्तकारांची एकच धांदल उडते. कपाशीवर मावा व तुडतुडे दिसू लागलेले असतात आणि आभाळ पुन्हा भरून येण्यापूर्वी फवारणी उरकावयाची असते. अशा एका सकाळी आमचा पाठीवर घ्यावयाचा पेट्रोलचा पंप पाच-सहा ओळी होताच कण्हला आणि थांबला. दोरी ओढावी तर ती हलेना. मिस्त्रीने एंजिन खोलले, दट्ट्यावरील उभे ओरखडे बोटाने दाखविले आणि तो म्हणाला, "काकाजी, याले पेट्रोल भेटलं, तेल नाही भेटलं." डबा भरून आणणाऱ्या धाकट्या बंधूंस वाटले होते, तेल दादा घालतील, मला वाटले होते, तेल घालूनच डबा आला आहे.

पेट्रोलमध्ये तेल घालावयाचे कशासाठी, हा प्रश्न घरातील सुशिक्षित मंडळींसही पडला. मोटारीच्या एंजिनात वंगणाचे तेल खाली निराळे साठविलेले असते व ते पेट्रोलात मिसळत नाही. टू-स्ट्रोक एंजिनाची रचना याहून वेगळी. जोसेफ डे नामक इंग्रज गृहस्थाने १८९१ साली जी सुटसुटीत रचना सिद्ध केली, तिच्यात दट्ट्या वर जाताना पेट्रोल व हवा यांचे मिश्रण त्याच्या खालच्या पेटीत ओढले जाते आणि दट्ट्या खाली येताना तेच दाबले जाऊन वरच्या नळकांड्यात शिरते. जेथे वंगण साठवावे तीच इंधनाची वाट! म्हणून वंगणाने पेट्रोलच्या सोबतीनेच प्रवास करावयाचा. वाटेत पेट्रोलची वाफ होते, तेलाचे सूक्ष्म कण बेअरिंगांवर व नळकांड्याच्या भिंतीवर बसतात, आणि उरलेले तेल जळून निळसर धूर होऊन बाहेर पडते. १९७२ साली निघालेल्या चेतक आणि लूना ह्या गाड्या ज्यांनी चालविल्या, त्यांना हा धूर व पेट्रोल भरताना तेलाचे माप मागण्याची सवय आठवत असेल. त्या गाड्या रस्त्यावरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्याबरोबर ती सवयही घरांतून गेली. पंप मात्र शेतात आले.

माप कोणते, हे पंपाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते व तेच प्रमाण मानावे. २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल असे लिहिले असल्यास लिटरला ४० मिलिलिटर. ५० ला १ असल्यास २० मिलिलिटर. हे अंदाजाने ओतू नये. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे मापाचे झाकण ह्या कामी उत्तम, मात्र ते पुन्हा औषधाकडे जाऊ देऊ नये. "थोडे अधिक पडले तर एंजिनाला पौष्टिकच," असे आमच्या काकांचे मत होते. ते खरे नव्हे. अधिक तेलाने प्लगवर व धूर जाण्याच्या वाटेवर काजळी धरते आणि ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला दिवसभर धूर खावा लागतो. मोटारीचे तेल चालवून घेणेही तितकेच वाईट; ते अशा रीतीने जळण्यासाठी केलेले नसते. आणि एक गोष्ट आधी पाहावी. हल्ली फोर-स्ट्रोक एंजिनाचेही पंप मिळतात. त्यांच्या पेट्रोलात तेल घालावयाचे नसते.

डब्यात आधी निम्मे पेट्रोल, मग तेल, मग झाकण लावून चांगले हलविणे, नंतर उरलेले पेट्रोल, आणि पुन्हा हलविणे. हे सारे अंगणात करावे. देवघरातील समई व चूल दोन्ही दूर असावीत. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत हे मिश्रण ठेवणाऱ्यांविषयी काय म्हणावे? घरात लहान मुले असतात.

गेल्या हंगामातील उरलेले मिश्रण यंदा वापरू नये, याचे कारण नवे आहे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढून घेते. डबा सैल झाकणाने पावसाळाभर पडून राहिला व पुरेसे पाणी शिरले, तर इथेनॉल व पाणी यांचा थर तळाशी वेगळा होतो. ह्या थरात वंगण जवळजवळ नसतेच, आणि एंजिन ओढते ते तळातूनच. तेल घालूनही एंजिन कोरडे पडते ते असे. यास्तव आठवड्याला लागेल तेवढेच मिश्रण करावे.

आमचा पंप दुरुस्त होऊन आला तेव्हा उघडीप संपून पाऊस सुरू झाला होता. फवारणी राहिली ती राहिलीच. काकूंनी मात्र त्या दिवसापासून एक रीत घातली आहे. जो तेल घालील त्याने डब्याच्या कडीला सुतळी बांधावयाची, आणि डबा रिकामा करील त्याने ती सोडावयाची. सुतळी नसलेल्या डब्याला पंपाजवळ जागा नाही. मिठाच्या बरणीलाही हीच युक्ती लावावी, अशी सूचना धाकट्या वहिनींनी केली आहे. तिच्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.