एका ध्वनिमुद्रिकेची दोन रूपे

बीटल्स या लिव्हरपूलच्या चौकडीची 'रिव्हॉल्व्हर' ही ध्वनिमुद्रिका 1966 च्या ऑगस्टात 5 तारखेस इंग्लंडात आणि 8 तारखेस अमेरिकेत विक्रीस आली. नाव तेच, वेष्टनावरील क्लाउस फोरमनचे रेखाचित्र तेच, परंतु इंग्लंडातील ग्राहकाच्या पदरात 14 गाणी पडली आणि अमेरिकेतील ग्राहकाच्या 11.

वगळलेली तीनही गाणी जॉन लेननची होती. अमेरिकेतील प्रकाशन ज्या कॅपिटल कंपनीच्या अखत्यारीत होते, तिने ती जूनमध्येच 'येस्टरडे अँड टुडे' या इंग्लंडात कधी निघालीच नव्हती अशा तबकडीत घालून खर्ची टाकली होती. यामागे रोकडा हिशेब होता. अमेरिकेत गीतांच्या स्वामित्वधनाची आकारणी दर गाण्यामागे 2 सेंट अशी होई, तर इंग्लंडात ती तबकडीच्या किमतीवर टक्केवारीने. त्यामुळे गाणी वाढली तरी इंग्लिश कंपनीचा बोजा वाढत नसे, अमेरिकन कंपनीचा मात्र वाढे, आणि वाचवलेल्या गाण्यांतून एक जादा तबकडीही उभी राही.

व्यापार म्हणून हे समजण्याजोगे आहे. पण अशा कात्रीने गाण्यांची केवळ संख्या घटते असे नव्हे, रचनेचा तोलच ढळतो. इंग्लिश आवृत्तीत 'एलिनॉर रिग्बी'च्या तंतुवाद्यांनंतर उलट्या फिरवलेल्या गिटारच्या स्वरांचे 'आय अॅम ओन्ली स्लीपिंग' येते, आणि त्याच्या पाठोपाठ जॉर्ज हॅरिसनचे सतार-तबल्याचे गीत, ज्यातील तबलावादक अनिल भागवत यांचे नाव वेष्टनावर आदराने छापलेले आहे. अमेरिकन आवृत्तीत मधला दुवाच निखळला. हॅरिसनची तीनही गीते शाबूत राहिली, लेननची मात्र पाचांपैकी दोनच, आणि तीही प्रत्येक बाजूच्या अगदी शेवटी. ज्याने ही मंडळी जमवली, तोच तेथील श्रोत्यास पाहुण्यासारखा भासला असल्यास नवल नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, आदल्या वर्षीच्या 'रबर सोल'मधून 4 गाणी काढून 'हेल्प'मधील 2 तीत बसवली गेली, तेव्हा तिला एक मृदू, एकजिनसी सूर लाभला, आणि तीच अमेरिकन आवृत्ती ऐकून भारावलेल्या, बीच बॉइज या अमेरिकन संघाच्या ब्रायन विल्सनने 'पेट साउंड्स'सारखी कृती सिद्ध केली.

1967 च्या 'सार्जंट पेपर'पासून दोन्ही देशांत एकच आवृत्ती निघू लागली, आणि 1987 साली सीडी आल्या तेव्हा 'रिव्हॉल्व्हर'चे इंग्लिश रूपच सर्वत्र प्रमाण ठरले. तथापि 2014 साली कॅपिटलच्या जुन्या आवृत्त्यांचा संच पुन्हा प्रसिद्ध झाला, आणि त्यात ती 11 गाण्यांची 'रिव्हॉल्व्हर'ही होती.