जलऊष्मकाचे शुष्क पर्याय : माध्यम, स्पर्श आणि संज्ञा

एका प्रयोगपुस्तिकेचे मराठी रूपांतर भाषेच्या दृष्टीने तपासून देण्याचे काम काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्या पुस्तिकेत एक वाक्य वारंवार येत असे : ‘नळी ३७ अंशांच्या जलऊष्मकात १० मिनिटे ठेवावी.’ वाक्य निर्दोष होते. परंतु ज्या प्रयोगशाळेसाठी ती पुस्तिका सिद्ध होत होती तेथील जलऊष्मक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला वॉटर बाथ, काढून टाकून त्याच्या जागी धातूच्या ठोकळ्याचे कोरडे उपकरण आणले गेले होते. म्हणून रूपांतरकाराने ‘जलऊष्मक’ हा शब्द खोडून तेथे ‘शुष्क ऊष्मक’ असे लिहिले, आणि ‘३७ अंश’ व ‘१० मिनिटे’ हे दोन्ही आकडे होते तसेच ठेवले. एक संज्ञा बदलली असता बाकीचे वाक्य खरे राहते काय, हा प्रश्न वरवर पाहता भाषेचा दिसतो. तथापि त्याचे उत्तर चुकले तर प्रयोगच चुकतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे योग्य होईल.

१. पाण्याची अबोल कामे

ऊष्मक हे केवळ तापविण्याचे साधन नव्हे. तापविण्याचे काम विस्तव किंवा विजेची तार करीतच असते. ऊष्मकाचे विशेष कार्य म्हणजे उष्णतेचा उगम आणि पात्र यांच्यामध्ये एक समंजस मध्यस्थ उभा करणे. पाणी हा मध्यस्थ इतका परिचयाचा आहे की, तो एकाच वेळी चार कामे करतो हे आपल्या ध्यानातही येत नाही.

पहिले काम स्पर्शाचे. पात्र गोल असो, चपटे असो वा वाकडे असो, पाणी त्याला सर्व बाजूंनी भिडते. दुसरे काम अभिसरणाचे. तापलेले पाणी वर चढते, थंड पाणी खाली येते, आणि उष्णता आपोआप सर्वत्र पोचते. तिसरे काम साठवणीचे. एक घनसेंटिमीटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे ४.२ जूल उष्णता लागते, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमला सुमारे २.४ जूल पुरते. त्यामुळे गार नळी आत सोडली तरी पाण्याचे तापमान फारसे ढळत नाही. चौथे काम मर्यादेचे. उघड्या भांड्यातील पाणी आपल्या उत्कलनबिंदूपलीकडे तापत नाही. समुद्रसपाटीवर ही मर्यादा १०० अंशांची असली, तरी पुण्यास ती सुमारे ९८ अंशांवर येते.

ह्या गुणांबरोबर पाण्याचे दोषही येतात. ३७ अंशांवर दिवसेंदिवस साचलेले पाणी जिवाणूंना व बुरशीला अतिशय मानवते, आणि पेशीसंवर्धनाची बाटली त्यात बुडवून काढली की झाकणाशी लोंबणारा एक थेंब आठवड्याचे काम वाया घालवू शकतो. शिवाय पाणी आटते, क्षारांचा थर धरतो, बाटल्यांवरची नावे पुसली जातात आणि अर्धवट भरलेली बाटली तरंगून आडवी होते. शुष्क पर्यायांचा शोध ह्या दोषांतून सुरू होतो. परंतु पाणी काढून टाकले की वरील चारही कामे निराधार होतात, आणि नव्या माध्यमाने त्यांतील कोणती उचलली व कोणती टाकली हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते.

२. वाळू, मणी आणि ठोकळा

कोरड्या माध्यमांत सर्वांत जुनी वाळू होय. रसशास्त्रातील वालुकायंत्र सर्वपरिचित आहे. सुमारे तेराव्या शतकातील ‘रसरत्नसमुच्चय’ ह्या ग्रंथात त्याचे वर्णन आले असून आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासामुळे (पहिला खंड १९०२) ते आधुनिक वाचकांपर्यंत पोचले. कापडमातीने लिंपलेली काचकूपी वाळूने भरलेल्या भांड्यात पुरावयाची व खालून अग्नी द्यावयाचा, ही त्याची रचना. वाळूच्या जागी मीठ घातले की तेच लवणयंत्र होते. वाळू शंभर अंशांची मर्यादा सहज ओलांडते. परंतु ती उष्णतेची मंद वाहक आहे आणि तिच्यात अभिसरण होत नाही. त्यामुळे तळाची वाळू व वरची वाळू यांच्या तापमानांत पुष्कळ अंतर पडते. कूपीपक्व रसायनांच्या विधींत मृदू, मध्यम व तीव्र असा क्रमाग्नी सांगितलेला असतो. मंद माध्यमाशी व्यवहार करताना घाई चालत नाही, हे अनुभवाचे ज्ञान त्यात दिसते.

अलीकडे प्रचारात आलेले धातूच्या मण्यांचे पात्र हे वाळूचेच सुधारलेले रूप मानता येईल. जलऊष्मकाच्याच टाकीत पाण्याऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे मणी भरतात. बाटली हव्या त्या जागी रोवून उभी करता येते, आणि मणी ७० टक्के अल्कोहोलने पुसता येतात. मात्र गोल मणी कसेही ओतले असता ते सुमारे ६० ते ६४ टक्केच जागा व्यापतात. उरलेली जागा हवेची असते. पात्राला मण्याचा स्पर्श होतो तोही बिंदूबिंदूंनी. म्हणून एकदा आलेले तापमान टिकविण्यास मणी चांगले, पण गार वस्तू चटकन तापविण्यास ते पाण्याची बरोबरी करू शकत नाहीत.

तिसरा पर्याय सच्छिद्र ठोकळ्याचा. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता पाण्याच्या जवळजवळ ४०० पट आहे. तेव्हा ठोकळा पाण्याहून सरस ठरावा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु नळी ठोकळ्यात असते म्हणजे ती ठोकळ्याला चिकटलेली असतेच असे नाही. नळी व भोक यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटर हवा राहिली तर, केवळ वहनाचा हिशेब केल्यास, तो पातळ थर शुद्ध ॲल्युमिनियमच्या सुमारे साडेचार मीटर जाडीइतका अडथळा करतो. म्हणून नळीच्या मापाचे भोक हाच ठोकळ्याचा प्राण आहे. दुसरे असे की, नळीचे टोपण ठोकळ्याबाहेर, खोलीच्या हवेत असते. आतील द्रवाची वाफ तेथे निवते आणि काही मायक्रोलिटरांचे मिश्रण दाट होत जाते.

ह्या दोन्ही अडचणींचे निराकरण कसे होते ते पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेच्या इतिहासात पाहावयास मिळते. कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये ही कल्पना सुचली. प्रारंभीच्या काळात नळ्या निरनिराळ्या तापमानांच्या जलऊष्मकांतून हातांनी फिरवाव्या लागत, आणि उष्णतेने निकामी झालेले विकर प्रत्येक आवर्तनात नव्याने घालावे लागे. उष्णता सोसणाऱ्या टॅक विकराचा उपयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तापमान स्वतः बदलणाऱ्या ठोकळ्याच्या यंत्राचा मार्ग मोकळा झाला. त्या यंत्रात पातळ भिंतीच्या नळ्या भोकांत घट्ट बसतात. बाष्पीभवन थांबविण्यासाठी पूर्वी द्रवावर खनिज तेलाचा थर देत. पुढे तापविलेले झाकण आले. म्हणजे पाण्याने फुकट केलेली कामे येथे नळीची भिंत, भोकाचे माप आणि झाकण यांच्यावर मुद्दाम सोपवावी लागली.

३. निवड कोठे कोणती

ह्यावरून निवडीचे धोरण ठरविता येते. लहान, एकसारख्या नळ्या दीर्घकाळ ठरावीक तापमानावर ठेवावयाच्या असतील, किंवा तापमान शंभर अंशांपलीकडे न्यावयाचे असेल, तर ठोकळा उत्तम. संवर्धनाच्या माध्यमाच्या बाटल्या कोमट करून ठेवावयाच्या असतील तर मणी सोयीचे. मात्र मण्यांचे पात्र पुष्कळ आधी सुरू करून ठेवले पाहिजे. परंतु जिवाणूंत डी.एन.ए. शिरविण्यासाठी ४२ अंशांचा ३० ते ४५ सेकंदांचा उष्णताघात देतात, तेथे सेकंदांचाच हिशेब असल्यामुळे पाण्याचा सर्वांगस्पर्श सोडणे धोक्याचे. गोठविलेल्या पेशी त्वरेने वितळविताना तर दोन्ही बाजूंनी पेच पडतो : पाणी वेगवान पण अस्वच्छ, मणी स्वच्छ पण संथ. अशा वेळी ताजे पाणी घेऊन कुपीचे टोपण पृष्ठभागाच्या वर ठेवणे हा जुनाच उपाय श्रेयस्कर ठरतो.

कोणत्याही पर्यायाकडे वळताना एक साधी परीक्षा अवश्य करावी. प्रयोगात वापरावयाच्याच जातीच्या नळीत तेवढेच पाणी घ्यावे, त्यात तापमापकाचा बारीक शोधक सोडावा, आणि इष्ट तापमानाच्या एका अंशाच्या आत पोचण्यास जलऊष्मकात किती वेळ लागतो व नव्या साधनात किती लागतो हे मोजावे. ह्या दोहोंतील फरक कृतीतील वेळेत मिळवावा. उपकरणाच्या दर्शनीवर दिसणारा आकडा ठोकळ्याचा असतो, द्रवाचा नव्हे, हेही विसरता कामा नये.

४. संज्ञेचा प्रश्न

आता मूळच्या वाक्याकडे वळू. युरोपीय भाषांत ‘स्नान’ ह्या अर्थाचा शब्दच अशा उपकरणांना लावला गेला. फ्रेंच ‘बँ-मारी’ हे नाव प्राचीन अलेक्झांड्रियातील मारिया ह्या किमयाकर्त्या स्त्रीच्या स्मृतीशी परंपरेने जोडले जाते. पुढे तेथे वाळूचेही ‘स्नान’ रूढ झाले आणि त्या शब्दातील पाणी आटून गेले. मराठीत मात्र ‘शुष्क स्नान’ म्हटले तर हसू येईल. ‘ऊष्मक’ हा शब्द त्यामानाने बरा आहे, कारण त्याच्यामागे कोणत्याही माध्यमाचे नाव जोडता येते.

अडचण आहे ती ‘शुष्क’ ह्या विशेषणाची. ते अभावदर्शक आहे. उपकरणात काय नाही एवढेच ते सांगते. वाळू, मणी आणि ठोकळा ही तिन्ही माध्यमे त्या एका शब्दाखाली झाकली जातात, आणि त्यांच्या वागणुकीतील अंतरही झाकले जाते. रसशास्त्रकारांनी ‘शुष्कयंत्र’ असे मोघम न म्हणता वालुकायंत्र व लवणयंत्र असे भेद केले, आणि माध्यमालाच नावात स्थान दिले. तोच मार्ग आपणही धरावा. ‘ठोकळा-ऊष्मक’, ‘मणि-ऊष्मक’, ‘वालुका-ऊष्मक’ ह्या संज्ञा बोजड वाटल्या तरी त्या वाचणाऱ्याला पात्राचा स्पर्श कशाशी होणार आहे हे सांगतात. ते कळले की वेळेचा आकडा तपासून पाहण्याची बुद्धी आपोआप होते.

त्या पुस्तिकेतील वाक्य अखेरीस असे ठरले : ‘नळी नेमकी बसेल अशा भोकाच्या ठोकळा-ऊष्मकात ठेवावी, आतील द्रव ३७ अंशांस पोचल्यापासून १० मिनिटे मोजावीत.’ वाक्य लांबले खरे. परंतु पाणी आजवर जे न बोलता सांभाळीत होते ते त्यात शब्दांनी आले आहे.