जू, वेसण आणि म्होरकी

कैनाड गावात आमच्या पाड्याच्या रस्त्यावर कुत्र्याला दोरी लावून फिरवणारी मी एकटीच. इथले कुत्रे मोकळे असतात. दिवसा पडवीत झोपतात, रात्री राखण करतात, कुणाच्या मागून शेतावर जातात आणि दुसऱ्याच कुणाच्या मागून परत येतात. दोरी असते ती गुरांना. माझ्या भुऱ्यालाही मी मोकळाच ठेवला असता, पण दीड वर्षाचा असताना त्याने शेजारची अंड्यांवर बसलेली कोंबडी मारली. कोंबडीचे पैसे दिले. त्या घरातलं माणूस एका शब्दाने बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून भुऱ्या दिवसा अंगणात बांधलेला आणि सकाळ-संध्याकाळ दोरीने फेरी.

बांधायचं तर फिरवायलाच हवं. जनावराला आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं हे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही क्रूरतेत मोडतं. कायदा राहू दे, बांधलेल्या कुत्र्याचे डोळे पाहिले तरी कळतं.

पण फेरी म्हणजे शिक्षा होती. भुऱ्या गावठी, अंगाने सडपातळ, वजन चोवीस किलो. फाटक उघडलं की तो जमिनीला पोट लावून, घशातून घरघर काढत पुढे सुटायचा. वाटेत कोंबड्या, शेळ्या, दुसऱ्या पाड्याचे कुत्रे, कुणीतरी वाळत घातलेले बोंबील. भातकापणी नुकती झालेली, खाचरांत धसकटं उभी. अशाच एका सकाळी बांधावरून जाताना खाली कोंबडी फडफडली. भुऱ्या गेला, त्याच्यामागे दोरी गेली, आणि दोरीचा फास मनगटाला गुंडाळलेला असल्यामुळे मीही गेले. मनगट तीन आठवडे सुजलेलं होतं. दोरी मनगटाला कधी गुंडाळू नये, हा पहिला धडा तिथे मिळाला.

गळपट्ट्याने तो खोकतो म्हणून मी छातीपट्टा आणला. छातीवरून आणि काखेखालून जाणारा, पाठीवर कडी असलेला. खोकला थांबला, ओढणं दुप्पट झालं. आता तर त्याला काही टोचतही नव्हतं. रस्त्याकडेला बैल बांधत असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी दोन-तीन दिवस आमची ही वरात पाहिली आणि म्हणाले, "बाय, तू त्याला जू घातलंस. मंग तो ओढल नाय तं काय करल?"

मी घरी येऊन तो छातीपट्टा हातात घेतला आणि बघत बसले. बाबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बैलाने ओढावं म्हणून आपण जू खांद्यावर टेकवतो, कारण जनावराची सगळी ताकद तिथे असते आणि भार रुंद जागेवर पसरला की त्याला दुखत नाही. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही छातीवरून पट्टे बांधतात ते याचसाठी. ओढण्यासाठी बनवलेली वस्तू मी भुऱ्याला घातली होती आणि तो ओढतो म्हणून कुरकुरत होते. बैलाला वळवायचं असतं तेव्हा जुवाला कुणी हात लावत नाही. तेव्हा कासरा धरतात, आणि कासरा डोक्याकडे जातो.

कुत्र्यासाठीही असा पट्टा मिळतो, हे एका पशुवैद्यांकडून कळलं. इंग्रजीत त्याला हेड हॉल्टर म्हणतात. मला त्याला म्होरकी म्हणायला आवडतं, कारण गुरांच्या तोंडावर बांधतात ती म्होरकीच आहे. एक पट्टा कानांमागून मानेच्या अगदी वरच्या भागात बसतो, दुसरा नाकाच्या दांडीवरून सैल वेढा घेतो, आणि दोरीची कडी हनुवटीखाली येते. हे काही फार जुनं नाही. ब्रिटनमध्ये रॉजर मगफर्ड या प्राणिवर्तनतज्ज्ञाने 'हाल्टी' काढली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले पशुवैद्य आर. के. अँडरसन आणि श्वानप्रशिक्षक रूथ फॉस्टर यांनी १९८०च्या दशकात 'जेंटल लीडर' तयार केलं. घोड्यागुरांना माणूस हजारो वर्षं डोक्यावरून वळवत आला, कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण गळ्यातच अडकून राहिलो.

चालतं ते असं. गळपट्ट्याला ओढ बसली की कुत्रा मान आणि खांदे पुढे लोटतो. अंगावर दाब आला की त्याच्या उलट रेटायचं, हा त्याचा स्वभावच आहे. पण कडी हनुवटीखाली असली की तो पुढे सुटताना त्याचं नाक आपोआप बाजूला, माणसाच्या दिशेला वळतं. नाक वळलं की नजर वळते, नजर वळली की अंग. चोवीस किलोंशी झुंज राहत नाही. दोन बोटांत दोरी धरून काम होतं.

निदान पट्ट्याच्या डबीवर तसं चित्र होतं. मी पहिल्याच दिवशी तो भुऱ्याच्या तोंडावर चढवला आणि फाटक उघडलं. दहा पावलांवर तो आडवा पडला. दोन्ही पंजांनी नाक खरवडायला लागला, मातीत तोंड घासलं, उलटासुलटा लोळला आणि पट्टा डोळ्यापर्यंत सरकवून माझ्याकडे असा बघत राहिला की मी तिथेच तो काढला. पाड्यावरची पोरं जमली होती. त्यांनी निकाल दिला, "कुत्रा चावरा हाय, तोंड बांधलंय."

चूक माझी होती. बैलालाही पहिल्या दिवशी जुवाला कुणी जुंपत नाही. गोऱ्हा आधी माणसाळवतात, खांद्यावर हात फिरवतात, जुन्या बैलाशेजारी रिकामाच चालवतात. कुत्र्यालाही तेवढा वेळ लागणार होता.

मग मी नव्याने सुरुवात केली. पहिले दोन दिवस पट्टा बांधलाच नाही. डाव्या हातात नाकाचा वेढा उघडा धरायचा आणि वेढ्याच्या पलीकडे उजव्या हातात बोंबलाचा तुकडा. सुका, मीठ न लावलेला, नखाएवढा. तो खायचा तर नाक वेढ्यातून घालावंच लागे. मी नाकावर काही चढवत नव्हते, तोच नाक घालत होता. फरक एवढाच, पण सगळं त्यातच आहे. तिसऱ्या दिवशी पट्टा हातात दिसताच भुऱ्या शेपूट हलवत आला. चौथ्या दिवशी वेढ्यात नाक असतानाच दोन-तीन तुकडे, पाचव्या दिवशी कानामागचा बंद लावून पाच आकडे मोजायचे आणि काढायचं. मग दहा आकडे, मग अर्धं मिनिट. पंजा नाकाकडे गेला की ओरडायचं नाही, पट्टा ओढायचा नाही. "चल" म्हणून दोन पावलं चालायचं. चालणारा कुत्रा नाक खाजवायचं विसरतो. आणि पंजा चालू असताना पट्टा काढायचा नाही, नाहीतर खरवडलं की सुटका होते एवढंच तो शिकतो. पहिल्या दिवशी मी त्याला नेमकं तेच शिकवलं होतं.

माप जुळवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. कानामागचा पट्टा घट्ट हवा, खाली जेमतेम एक बोट जाईल इतकाच. नाकावरचा मात्र सैल हवा, इतका की कुत्र्याला पूर्ण तोंड उघडता यावं, जीभ काढून धापा टाकता याव्यात, पाणी पिता यावं, जांभई देता यावी. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत हे फार महत्त्वाचं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो. नाकाचा वेढा खाली ओढला तर ओल्या काळ्या नाकाच्या वर थांबला पाहिजे, निसटता कामा नये, आणि वर सरकून डोळ्यांना लागता कामा नये. मी उलटं केलं होतं, नाकावर घट्ट आणि मानेवर सैल. सगळे नवखे हेच करतात, कारण आपल्या डोक्यात मुसकं असतं.

मुसकं वेगळं. मळणीच्या वेळी बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून बांधायची ती जाळी. म्होरकी तोंड बंद करत नाही. ती घातलेला कुत्रा भुंकू शकतो, खाऊ शकतो, आणि चावूही शकतो. त्यामुळे चावऱ्या कुत्र्यावर हा उपाय नाही.

बाराव्या दिवशी आम्ही रस्त्यावर आलो. म्होरकीला दोरी, आणि नाकाचा वेढा निसटलाच तर हाताशी असावी म्हणून साध्या गळपट्ट्याला दुसरी दोरी. फाटकातून भुऱ्या नेहमीसारखा सुटला, आणि पाऊण पावलात त्याचं तोंड माझ्याकडे वळलं. त्याला काय झालं ते कळेना. मी थांबले. तो थांबला. दोरी सैल पडली तसा मी बोंबील दिला आणि पुढे निघालो. त्या सकाळी विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंत जायला वीस मिनिटं लागली. पण मनगटाला एकही हिसका बसला नाही.

बाबा गोठ्याबाहेर होते. त्यांनी भुऱ्याच्या नाकावरून बोट फिरवलं, पट्ट्याखाली घालून बघितलं, हनुवटीखालची कडी उलटसुलट केली. "वेसण नाय," म्हणाले. "म्होरकी हाय." मग आपल्या बैलाच्या नाकपुड्यांमधून गेलेली वेसण दाखवून म्हणाले, "हे दुखतं म्हणून चालतं. तुझं न दुखता चालायला पायजेल." जरा थांबून पुढे म्हणाले, "हात हलका ठेव. नायतर म्होरकीची बी वेसण होते."

ही शेवटची गोष्ट कुठल्याही डबीवर छापलेली नाही आणि तीच सगळ्यांत खरी आहे. रस्त्यावर यायला लागल्यावर चौथ्या दिवशी एक शेळी आडवी आली तेव्हा जुन्या सवयीने मी दोरीला हिसका दिला. भुऱ्याची मान अशी वळली की माझ्याच पोटात कळ आली. गळ्यावर ओढ बसते तेव्हा मानेचे स्नायू भार घेतात. तोंडाच्या टोकाला बसलेला हिसका मान पिळतो. म्हणून म्होरकीला दोरी कायम आखूडच, दीड-दोन मीटरची. लांब दोरी किंवा आपोआप गुंडाळणारी दोरी नाही, कारण कुत्रा धावत सुटून दोरी संपते तेव्हा सगळा वेग मानेवर येतो. म्होरकी घालून पळायचं नाही, अंगणात मोकळं सोडायचं नाही, बांधून तर मुळीच ठेवायचं नाही. फेरीपुरती घालायची, आल्यावर काढायची आणि नाकाची दांडी बोटांनी चाचपायची. केस झिजलेले दिसले तर माप चुकलंय. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ती बसतच नाही, आणि ज्याला मानेचं किंवा श्वासाचं दुखणं आहे त्याला पशुवैद्यांना विचारल्याशिवाय घालू नये. अशांसाठी छातीवर, पुढच्या बाजूला कडी असलेला पट्टा मिळतो. तोही ओढणाऱ्याला बाजूला वळवतो, जरा कमी.

पण म्होरकीने भुऱ्याचं ओढणं थांबलं असं मी म्हणणार नाही. तिने मला शिकवायला उसंत दिली. कुत्रा ओढतो, कारण ओढलं की पोचतो. कोंबडीपर्यंत नसेल, पण खांबापर्यंत, वासापर्यंत, पुढच्या वळणापर्यंत. दोरी ताणली आणि तरी मी एक पाऊल टाकलं की त्याला ओढण्याची मजुरी मिळाली. ही मजुरी मी वर्षभर रोज दोन वेळा चुकती केली होती. आता नियम उलटा केला. दोरी ताणली की माझे पाय थांबणार. सैल झाली की चालणार, आणि गुडघ्याजवळ चालला तर बोंबील. गळपट्ट्यावर हे मला जमलं नसतं, कारण थांबायचं म्हटलं तरी तो मला फरफटत नेत होता. म्होरकीमुळे मी थांबू शकले. काम थांबण्याने केलं.

मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा सकाळच्या फेरीत त्या गोड वासाने भुऱ्याचं नाक जमिनीवरून हलेना. मी त्याला हवं तेवढं हुंगू दिलं. हुंगणं हाच त्याच्या फेरीचा अर्थ आहे, ते काढून घेतलं तर उरते नुसती कवायत. त्याच दिवसांत मी हळूहळू दोरी म्होरकीवरून गळपट्ट्यावर घ्यायला लागले. आधी शेवटची पाच मिनिटं, मग अर्धी फेरी. आता म्होरकी पडवीत खुंटीला असते. बाजाराच्या दिवशी, गर्दीत किंवा दवाखान्यात जाताना काढते, आणि ती दिसली की भुऱ्या अजूनही स्वतःहून नाक घालतो. कोंबडी दिसली की त्याचे कान अजून उभे राहतात. पाय मात्र बहुतेक वेळा जागेवर असतात. बहुतेक वेळा, त्यामुळे दोरी सुटलेली नाही.

तुमचा कुत्रा ओढत असेल तर म्होरकी जरूर घ्या. पण पैसे मोजण्याआधी पुढचे पंधरा दिवस रोज दहा मिनिटं निघतील का ते बघा, आणि आपला हात हलका आहे का तेही. यांतलं काही नसेल, तर पट्टा खुंटीला लटकत राहील आणि कुत्रा ओढतच राहील.