तबकडी ऐकली, पण कोणती?

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांत एक जमात अशी आहे, की तिला गाण्याइतकीच गाण्यावरची चर्चा प्रिय असते. ‘अब्दुल करीम खाँचा आवाज फार बारीक’, ‘केसरबाईंच्या तोडीचं पुन्हा कुणी झालं नाही’, ‘अमीर खाँचा मारवा ऐकल्यावर दुसऱ्या कुणाचा ऐकवत नाही’ अशी मतं आपल्याकडे चहाबरोबर सहज फिरतात. त्यांतली बहुतेक आता मैफलीतून आलेली नसतात, ध्वनिमुद्रणातून आलेली असतात. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांना समोर बसून ऐकलेला माणूस आज कुठून भेटणार? म्हणून मत कितीही ठाम असलं तरी माझा पहिला प्रश्न एकच असतो: तुम्ही कोणतं ध्वनिमुद्रण ऐकलंत?

प्रश्न खवचट वाटेल, पण तो विचारायला सबळ कारण आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्याने मेणावर रेघ उमटायची. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना नाव कळावं म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर वेळ मिळायचा तीन-सव्वातीन मिनिटांचा. तंबोरा जवळजवळ ऐकूच यायचा नाही, तबला कुठेतरी मागे. विजेवर चालणारं मुद्रण आलं १९२५ नंतर. तेव्हा आवाजाचा पोत थोडाफार कळू लागला, पण मिनिटं तेवढीच राहिली.

या तीन मिनिटांत ख्याल बसवायचा म्हणजे बढत जवळजवळ सोडूनच द्यायची. मुखडा, चार आलाप, लगेच बोलतान आणि तान. अशा दोन-चार तबकड्या ऐकून ‘जुने लोक विलंबित गातच नव्हते’ असा निष्कर्ष काढणारे जाणकार मला भेटले आहेत. मैफलीत एकेक राग तासभर गाणाऱ्या फैयाज खाँसाहेबांनाही तबकडीवर तेवढ्याच मिनिटांत आटपावं लागलं. तबकडीवरून त्यांचा आवाज, उच्चार, तानेची जात यांवर बोलावं. बढतीवर बोलू नये.

दुसरी गोम वेगाची. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या मिनिटाला नेमके ७८ फेरे घेत नव्हत्या. वेगात साधारण साडेचार फेऱ्यांचा फरक पडला, की सूर अर्ध्या पट्टीने सरकतो. पांढरी एकचा गायक काळी एकमध्ये गाऊ लागतो. लय चढते, तान जास्त सफाईची वाटते आणि आवाज पातळ होतो. आता ‘आवाज फार बारीक’ या मताकडे पुन्हा पाहा. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज टोकदार आणि उंच पट्टीतला होता हे खरंच, पण आपल्याकडच्या नकलेत त्यात यंत्राचा वाटा किती, हे तपासल्याशिवाय बोलणं धाडसाचं. त्यांचीच एक तबकडी लहान भीमसेन जोशींच्या कानावर पडली तेव्हा मात्र असल्या हिशेबाची गरज नव्हती. खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीने त्या मुलाला असं झपाटलं, की अकराव्या वर्षी तो गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. ध्वनिमुद्रणावर एवढं परखड मत दुसऱ्या कुणी नोंदवल्याचं मला माहीत नाही.

आणि ज्यांचं मुद्रणच नाही त्यांचं काय? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँ १९४६ साली. दोघांचंही गाणं तबकडीवर नाही. तरी अल्लादिया खाँच्या गायकीबद्दल आपण छातीठोकपणे बोलतो, कारण केसरबाई, मोगूबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायला मिळतात. पण मन्सूर शिकले ते मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या त्यांच्या मुलांकडे. एकाच झऱ्याचं पाणी तीन ओंजळींतून पिऊन आपण झऱ्याची चव सांगत असतो.

केसरबाईंच्या बाबतीत एक गंमत झाली आहे. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली होती. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. तेव्हापासून ‘केसरबाई म्हणजे ती साडेतीन मिनिटांची भैरवी’ असं समीकरण रूढ झालं. भैरवी अप्रतिम आहे, वाद नाही. पण जयपूर घराण्याचा पेच, एका आवर्तनातून दुसऱ्यात अखंड जाणारी तान, समेवर येताना न दिसणारी घाई हे सारं त्यांच्या ललितागौरीत आहे. परग्रहावरच्या श्रोत्याचं जाऊ द्या, आपण तरी तिकडे वळावं.

लाँग प्ले आली आणि खरी चर्चा सुरू झाली, असं मला वाटतं. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळाली आणि ख्याल श्वास घेऊ लागला. अमीर खाँची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली तबकडी घ्या. झुमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या सावकाश, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ठेकाच सापडत नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर ते रेंगाळतात आणि षड्ज येणार येणार म्हणताना येत नाही. यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, मारव्याचा प्राणच हा, षड्ज टाळावा तेवढा राग उजळतो. दुसरा म्हणतो, एवढ्या संथपणात लयीचं अंग हरवलं. मी पहिल्या तटातला. पण दुसऱ्याचं म्हणणं आग्र्याच्या मुशीतून आलेलं असतं आणि त्या मुशीत ते बरोबरच आहे.

किशोरीताई आमोणकरांच्या भूपाच्या तबकडीवर याहून जास्त कडाक्याची भांडणं झाली. ‘सहेला रे’ घरोघरी पोचलं, पण त्यांच्या आईला, मोगूबाईंना, ऐकलेल्या जुन्या कानांना त्यातली आलापी जयपूरच्या शिस्तीबाहेरची वाटली. त्यांना लयीशी बांधलेली बढत हवी होती. ताई सुरातून भाव शोधत होत्या. ज्यांनी त्यांचा भूप पुढे मैफलीतही ऐकला, त्यांचं मत तबकडीवाल्यांपेक्षा वेगळं असतं आणि ते साहजिकच आहे. कुमार गंधर्वांचंही तसंच. लहानपणीच्या तबकड्यांतला चमत्कारी नकलाकार आणि क्षयातून उठल्यावरचा, तुटक पण विजेसारख्या फेकीचा गायक, यांत एकच माणूस ओळखायला दोन्ही ऐकावे लागतात.

माझ्या मते सगळ्यात मोलाची मतं स्पूलवाल्यांची. घरगुती बैठकीत टेपरेकॉर्डर घेऊन बसणारी ही मंडळी. टेप महाग, म्हणून मंद वेगावर मुद्रण करायची आणि तंबोरे जुळवताना यंत्र बंद ठेवायची. पण खोक्यावर राग, तारीख, ठिकाण, तबल्याला कोण, पेटीला कोण, सगळं पेनाने लिहिलेलं असे. एकाच गायकाचे चार दिवसांचे चार यमन त्यांच्याकडे असत, त्यामुळे ‘त्या दिवशी आवाज लागला नव्हता’ असं ते पुराव्यानिशी म्हणू शकत. ऐकण्याच्या असल्या शिस्तीतूनच वामनराव देशपांडे घडले. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, मोगूबाईंकडे तालीम घेतलेले. १९६१ च्या ‘घरंदाज गायकी’त त्यांनी घराणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडली: किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर मधोमध. ही मांडणी न पटणारेही आजवर तिच्याच भाषेत भांडतात.

कॅसेटने ही संपत्ती बाजारात आणली. पुण्यात अलूरकरांनी खाजगी मैफलींची मुद्रणं प्रकाशित केली आणि जी नावं फक्त ऐकून होतो ती घरात वाजू लागली. ऐन विलंबितात ‘खट्’ होऊन बाजू पालटावी लागे, तेवढं सोसलं.

आता मोबाईलवर सगळं फुकट आहे आणि मत देण्याची घाईही. मुद्रण स्वच्छ करण्याच्या नादात खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारीही पुसली जाते. पूरियाला मारवा म्हणून चढवलेलं असतं आणि खाली शंभर जण ‘क्या बात है’ लिहून गेलेले असतात. माझी तक्रार दाद देण्याबद्दल नाही. कोणत्या सालचं, कुठलं, साथीला कोण, हे कुणी विचारतच नाही, याबद्दल आहे. जुन्या तबकडीच्या लेबलाजवळ कोरलेला आकडा पाहून मुद्रणाचा काळ सांगणारे संग्राहक आपल्यात आहेत. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून असा तपशील वर्षानुवर्षं छापला. तो वाचणारे थोडे, एवढंच.

वाचकांना एक विनंती. घरात माळ्यावर आजोबांचे स्पूल किंवा कॅसेट पडून असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारात देऊ नका. खोक्यावरचं अक्षर पुसट झालं असेल तर आजच नव्याने लिहून ठेवा, आणि आजी किंवा मामा हयात असतील तर ती बैठक कुणाकडे झाली होती, हे त्यांना विचारून घ्या. नंतर स्पूल एखाद्या जाणत्या संग्राहकाकडे पोचवा. तुमचं त्यावरचं मतही कळवा, मात्र तारखेसकट.