खुराडे पक्के तर कोंबडी आपली



परसातल्या कोंबडीचा हिशेब कुठल्या वहीत मांडलेला नसतो. अंडी शेजारीपाजारीच खपतात, पाहुणा आला तर कोंबडा कामी येतो आणि आठवड्याच्या बाजाराला निघालेली घरधनीण दोन तलंगा पाटीत घालून नेते. मुलांच्या वह्या, मीठ-मिरची, दवाखान्यातले औषध अशा खर्चाला हा पैसा उपयोगी पडतो. त्यासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

म्हणूनच सकाळी खुराड्याचे दार उघडावे आणि आत पिसांचा खच दिसावा, हे नुकसान थोडे समजू नका. देशी कोंबडी एका खेपेला १२ ते १५ अंडी घालते, खुडूक होते, मग पुन्हा अंड्यावर येते. वर्षाकाठी साधारण ६० ते ७० अंडी पदरात पडतात. दहा कोंबड्या एका रात्रीत गेल्या म्हणजे वर्षाची सहाशे-सातशे अंडी गेली आणि त्यांतली उबवायला ठेवायची पिल्लेही गेली. नवी पिल्ले आणून ती अंड्यावर यायला पुन्हा सहा-सात महिने थांबावे लागते, ते वेगळेच.

कोंबडीला अंधारात दिसत नाही. दिवसा कुत्रा आला तर ती उडून कौलावर बसेल, पण रात्री दांडीवरून हलणारही नाही. त्यामुळे रात्री तिचे रक्षण तिच्या पंखांवर नसते, तुम्ही बांधलेल्या खुराड्यावर असते.

चोर कोण, ते आधी ओळखा

प्रत्येक वेळी मुंगसाच्या नावाने बोटे मोडून भागत नाही. मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे. रात्री येणारे निराळे असतात : रानमांजर, उदमांजर (कोकणात याला कांडेचोर म्हणतात), कोल्हा, गावातला बोका, भटकी कुत्री आणि घूस.

खुणा नीट पाहा. अख्खी कोंबडी नाहीशी झाली आणि पिसांची रांग बांधापर्यंत गेली असेल, तर कोल्हा किंवा रानमांजर समजा. माना फोडलेल्या तीन-चार कोंबड्या तिथेच पडल्या असतील, तर मुंगूस किंवा उदमांजर आत शिरले असावे. असा प्राणी कोंडलेल्या जागेत शिरला आणि कोंबड्या फडफडू लागल्या की भुकेपुरतीच मारून थांबत नाही. पिल्ले एकेक कमी होत असतील आणि जवळच बीळ दिसत असेल, तर घुशीचा संशय घ्या. अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील, तर तो बहुधा साप असतो. नाग अंडे सबंध गिळतो. फुटकी टरफले मागे राहिली, तर मुंगूस किंवा कावळा.

चोर कळला की त्याची वाट कळते, आणि वाट बुजवता येते. विष घालणे किंवा फासे लावणे मात्र कटाक्षाने टाळा. मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय याच प्राण्यांमुळे शेतातल्या उंदरांवर वचक राहतो. घातलेले विष आपलाच राखणदार कुत्रा खातो, हेही विसरू नका.

जागा आणि बांधणी

खुराडे घराच्या नजरेत असावे. रात्री कोंबड्यांनी कालवा केला तर तुमच्या अंथरुणापर्यंत आवाज यायला हवा. उकिरडा, सरपणाचा ढीग, कडब्याची गंजी यांच्यापासून ते दूर ठेवा. घुशी आणि साप तिथेच आसरा घेतात. भोवतालचे गवत कापून पाच-सहा हात जागा मोकळी राखा. लपायला आडोसा नसला की चोर बिचकतो.

पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूची भिंत बंद ठेवा आणि जाळीची बाजू पूर्वेला काढा. सकाळचे कोवळे ऊन आत येते आणि तळ कोरडा राहतो.

दहा देशी कोंबड्यांना रात्रीपुरती पाच फूट लांब, चार फूट रुंद जागा पुरते. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच खांबांवर उभारले तर उत्तम. खाली ओल धरत नाही, घुशीला बीळ पाडून वर येता येत नाही आणि विष्ठा झाडायला सोपी पडते. उंच उभारणे जमत नसेल, तर दगडी किंवा विटांचा पाया एक फूट खोल घ्या आणि तळाला कोबा करा. मातीचा तळ म्हणजे घुशीला उघडे दार.

भिंती दगडमातीच्या, जांभ्याच्या, विटांच्या, जे गावात स्वस्त मिळेल त्याच्या करा. पण फटी लिंपून काढा. फटींत दिवसा गोचीड लपून बसते आणि रात्री बाहेर येऊन कोंबड्यांचे रक्त पिते. कोंबड्या का खंगतात ते मालकाला कळतच नाही. वर्षातून दोनदा आतून चुना मारा. पत्र्याचे छप्पर असेल तर उन्हाळ्यात त्यावर उसाचे पाचट किंवा गवत घाला आणि ते दोराने बांधा. पत्रा कडेला खिळ्यांनी पक्का हवा. नुसता धोंडा ठेवलेला पत्रा बोका सहज सरकवतो.

जाळीने फसू नका

बाजारात षटकोनी घरांची पातळ जाळी मिळते. ती कोंबड्यांना आत ठेवते, पण चोराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो आणि पिल्लू मुंगूस तिच्या मोठ्या घरांतून आत येते. अर्ध्या इंचाच्या चौकोनी घरांची वेल्डेड जाळी घ्या. थोडी महाग पडते, पण एकदाच घ्यावी लागते. ती लाकडी चौकटीच्या आतून नुसत्या खिळ्याने अडकवू नका. बाहेरून लावून वर पट्टी ठोका, म्हणजे बाहेरून ढकलली तरी सुटत नाही. कोंबड्यांसाठी जमिनीवर कुंपण असेल, तर जाळी एक फूट जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी अंथरून वर माती-दगड टाका. उकरणारा प्राणी कुंपणाच्या बुडाशीच उकरतो आणि जाळी लागली की सोडून देतो.

जाळीच्या भीतीने खुराडे चहूकडून बंदही करू नका. विष्ठेतून उग्र वास सुटतो, त्याने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि त्यांना सर्दी लागते. छपराच्या खाली दोन्ही बाजूंना जाळी लावलेले झरोके ठेवा.

दार हा सर्वांत कच्चा दुवा असतो. काथ्याने बांधलेले किंवा दगड टेकवलेले दार म्हणजे दार नव्हे. वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या लावा. दार आणि चौकट यांत बोट जाईल एवढीही फट नको.

तयार खुराडे घेताना

आता लोखंडी पिंजरे तयार मिळतात. घेण्यापूर्वी पुढच्या गोष्टी स्वतः हाताने तपासा.

तार अंगठ्याने जोरात दाबा. वाकली तर घेऊ नका. पिंजऱ्याची एक बाजू उचलून पाहा. कुत्र्याने धक्का दिला तर उलटेल इतका हलका नको. कडी झटका देऊन उघडते का पाहा. तळाच्या जाळीतून बाहेरचा पंजा आत येऊन कोंबडीच्या पायाला लागेल का, याचा विचार करा. तसे असेल तर रात्रीसाठी फळी टाकावी लागेल. "दहा कोंबड्यांचा" म्हणून विकला जाणारा पिंजरा टेपने मोजा. माणशी नव्हे, कोंबडीशी किमान दीड-दोन चौरस फूट जागा हवी.

आत बसायला दांडी लावा, प्रत्येकीला आठ-दहा इंच. ती जाळीपासून फूटभर आत असावी, म्हणजे बाहेरून कुणी पाय ओढू शकत नाही. चार-पाच कोंबड्यांमागे गवत घातलेली एक टोपली अंड्यासाठी ठेवा.

दिवसाचे भय आणि पिल्लांची काळजी

दिवसा घार, ससाणा आणि कावळे पिल्लांवर टपलेले असतात. पहिले चार-सहा आठवडे पिल्लांना आईबरोबर डालग्याखाली किंवा वरूनही जाळी असलेल्या लहान आवारात ठेवा. परसात कढीपत्ता, शेवगा, पपई यांची सावली असली की घारीला झेप घ्यायला जागा मिळत नाही. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. उचललेल्या अंड्यांना साप येत नाही. साप दिसलाच तर हात घालू नका, गावातल्या सर्पमित्राला बोलवा. बिबट्याचा वावर असलेल्या भागात कोंबड्यांची घाण आणि मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नका. त्या वासाने कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

न दिसणारा चोर

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा रोग जाळीला जुमानत नाही. त्यावर लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि दीड-दोन महिन्यांच्या सुमारास पुढची लस व देवीची लस, असा क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पाळा. आजूबाजूच्या चार घरांनी एकाच दिवशी लस टोचून घेतली तर औषधही वाया जात नाही. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते खाऊ नका, विकू नका, ओढ्यात फेकू नका. दवाखान्यात ताबडतोब कळवा.

रोजचा नेम

दिवे लावायच्या वेळी दाणे टाकून कोंबड्या आत घ्या. त्याच हाकेची, त्याच वेळेची सवय लावलीत तर आठवडाभरात त्या आपणहून येतात. आत गेल्या की मोजा. एक कमी भरली तर उद्यावर ढकलू नका, त्याच वेळी शोधा. झाडावर बसलेली कोंबडी सकाळी दिसेलच असे नाही. मग दोन्ही कड्या लावा आणि जाळीवरून एकदा हात फिरवा. हे काम घरातल्या एका शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा आणि त्या मोबदल्यात एका कोंबडीची अंडी तिच्या नावावर करा. मग मोजणी कधी चुकणार नाही.

पक्के खुराडे बांधायला दोन दिवसांची मेहनत आणि थोडा पैसा लागतो. पण ते एकदा उभे राहिले की बरीच वर्षे टिकते. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या खुराड्याभोवती एक फेरी मारा. जिथे तुमचे बोट जाते तिथे चोराचे नाक जाते, एवढे ध्यानात ठेवून पाहा, आणि सापडलेली फट आजच बुजवा.