परदेशातला पहिला दिवस आणि खोलीचा प्रश्न

आमच्या नांदेडच्या वस्तीतली एक मुलगी २०२४ च्या सप्टेंबरात शिक्षणासाठी इटलीतील बोलोन्या शहरी गेली. वस्तीतून परदेशी गेलेली ती पहिलीच. तिला मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर वीसेक माणसे जमली होती. कुणी चिवड्याचा डबा आणला, कुणी बाबासाहेबांचा खिशात मावेल एवढा फोटो.

तिचे कागदपत्र आम्हीच पाहिले होते. आमची हयात कारकुनीत चालली आहे, तेवढे तरी कामी यावे! तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, त्याचे भाषांतर, त्यावर शिक्के, शिक्क्यांवर पुन्हा शिक्के. इटलीतील सरकारी विद्यापीठांत फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना तिथल्या प्रांताची शिष्यवृत्तीही मिळू शकते. ही गोष्ट आपल्या फार थोड्या घरांत पोहोचली आहे, म्हणून येथे मुद्दाम लिहिली.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला फोन आला. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. "जयभीम काका, आज दिवसभर पायीच हिंडले." मग ती सांगत सुटली. त्या शहरात रस्त्याच्या कडेने कमानींचे ओटे आहेत, सगळे मिळून बासष्ट किलोमीटर भरतात. पावसात छत्री लागत नाही. जुन्या काळी माणसे वाढली, विद्यार्थी वाढले, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. पुढे १२८८ साली शहराने तसा नियमच केला. दोन उंच जुने मनोरे आहेत. त्यांतला एक इतका कलला आहे, की २०२३ पासून त्याच्याभोवती कुंपण घातले आहे.

विद्यापीठ १०८८ सालचे मानतात. एके काळी तिथे विद्यार्थीच शिक्षक नेमीत आणि त्यांना पगार देत, हे ऐकून आम्हाला आमचे काही प्राध्यापक आठवले! विद्यापीठाची सोळाव्या शतकातली जुनी इमारत आता ग्रंथालय आहे. तिच्या भिंती आणि छत जुन्या विद्यार्थ्यांच्या नावांनी व कुळचिन्हांनी भरले आहेत. ती तिथे अर्धा तास मान वर करून उभी होती म्हणे.

सरकारी अर्जाला लागणारे सोळा युरोचे तिकीट तिला तंबाखूच्या दुकानात मिळाले. तिथे तशीच पद्धत आहे. कॉफी उभ्याने काउंटरवर घेतली, कारण बसून घेतली तर जास्त पैसे पडतात. तिचे आजोबा शेजारीच बसून ऐकत होते. त्यांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे, आणि पिऊन झाल्यावर आपणच विसळून ठेवायची. त्यांनी एकच विचारले, "कप सगळ्यांना एकच का गं?" ती म्हणाली, "हो आबा, एकच."

वहिनींनी जेवणाचे विचारले. आम्ही विचारले, "खोली मिळाली का?"

हा प्रश्न आमच्या तोंडी आधी का आला, ते सांगितले पाहिजे. बी.कॉम. साठी आम्ही खेड्यातून नांदेडला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी एक खोली ठरली होती. आगाऊ भाडे दिले, झाडूनही घेतली. संध्याकाळी मालकांनी गाव विचारले, मग आडनाव, मग गावात घर कोणत्या बाजूला ते. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे परत हातावर ठेवले. त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. ते पाहुणे पुढे तीन वर्षे आले नसावेत, कारण खोलीवरची पाटी आम्ही येता-जाता पाहत होतो. ही मुलगी अकरावी-बारावीला लातूरला होती, तिथेही चार घरे फिरल्यावर आपल्याच माणसांच्या घरी सोय लागली. लातूरच्या शिकवण्यांचे नाव महाराष्ट्रभर आहे, पण खोली शोधणाऱ्या आपल्या मुलांना जो धडा मिळतो तो कोणत्याच शिकवणीत नसतो.

बाबासाहेबांचे दोन पहिले दिवस या संदर्भात शेजारी ठेवून पाहावेत. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले. वय बावीस. बडोदा सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले. तिथले जेवण मानवेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबच्या जागेत गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे सोबती झाले, ते जन्मभराचे. खोली बदलण्याचे कारण काय, तर जेवण! इतके साधे कारण त्यांच्या वाट्याला तोवर क्वचितच आले असेल. मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, असे वडिलांच्या एका स्नेह्याला कळवणारे त्यांचे पत्र याच न्यूयॉर्कमधले आहे.

दुसरा दिवस १९१७ चा, बडोद्याचा. लंडनहून परतून करारानुसार नोकरीवर हजर व्हायला ते स्टेशनवर उतरले आणि पहिला प्रश्न उभा राहिला, जायचे कुठे? परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हिंदू हॉटेलात प्रवेश नाही. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांनी सामान काढले. कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. कोलंबिया आणि लंडनला शिकलेला माणूस एका खोलीवाचून परत फिरला.

आता मुलीकडे येऊ. बोलोन्यात विद्यार्थ्यांना खोली मिळणे महाकठीण झाले आहे. पहिल्याच दिवशी दोन घरमालकांनी परदेशी विद्यार्थिनी म्हटल्यावर फोन ठेवला. तेव्हा तिथे सारे गोड आहे असे कुणी समजू नये. तिचा खरा भरवसा होता तो आपल्या देशातल्या मुलींवर. त्यांच्या घरात एक जागा रिकामी होती, बोलणेही आधीच झाले होते. संध्याकाळी ती पाहायला गेली. "पूर्ण नाव काय?" तिने सांगितले. "व्हेज आहेस ना?" तिने खरे सांगितले. "कळवतो." रात्री निरोप आला, जागा भरली. जाहिरात मात्र चार दिवसांनीही तशीच होती.

कुणी जात विचारली असे आम्ही म्हणत नाही. त्या मुलींच्या मनात काय होते ते त्याच जाणोत. पण हा प्रश्न विचारण्याची रीत आम्हाला चांगली ओळखीची आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली, ती काय उगाच केली असेल? जिथे आपले लोक गेले तिथे सामानात हेही गेले.

फोनवर ती एवढेच म्हणाली, "काका, दिवसभरात माझं आडनाव कुणी विचारलं नाही. जे विचारलं ते आपल्याकडच्यांनीच." मग गप्प झाली. आम्हालाही काही सुचेना. वहिनींनी फोन हातातून घेतला आणि थंडीचे विचारू लागल्या.

सहाव्या दिवशी खोली मिळाली. घरमालकीण म्हातारी बाई. तिने विद्यापीठाचे पत्र पाहिले, दोन महिन्यांचे आगाऊ भाडे घेतले, किती महिने राहणार ते विचारले. भाडे आमच्या महिन्याच्या पगाराशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. सोबत दोन इटालियन मुली आहेत. एक स्वयंपाक बरा करते, दुसरी रात्री गाणी लावते, त्यावरून एकदा भांडणही झाले आहे.

आणि एक गोष्ट राहिली. तिकडे इमारतीच्या दाराशी घंटीच्या बटणांपुढे घरात राहणाऱ्यांची आडनावे लावतात. लावले नाही तर टपाल हमखास येईल याचा भरवसा नाही. घरमालकिणीने तिला चिठ्ठी दिली आणि आडनाव ठळक अक्षरांत लिहायला सांगितले. तिने लिहून चिकटवले आणि फोटो धाडला. दोन परक्या आडनावांच्या खाली आमच्या वस्तीतले आडनाव.

आबांनी तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. वहिनींनी चष्मा लावून अक्षरे एकेक जुळवली आणि म्हणाल्या, "शेवटचं अक्षर तिरकं आलंय. तिला सांगा, नीट लिहून पुन्हा लाव म्हणावं."